उन्हात हरवलेली ज्वाला

चैत्रातली दुपार, धवल, धगधगती, निष्ठुर. वितळल्या शिशासारखे खाडीचे पाणी निश्चल पडले होते. क्षितिज उन्हात विरघळून गेले होते, आणि उजेड इतका होता, की त्या उजेडातच काही दिसत नव्हते.

अशाच एका दुपारी दिगंबर गेला. खाडीकाठच्या कारखान्यात नळीतून हायड्रोजन निसटला आणि पेटला. त्या ज्वालेला ना धूर, ना रंग. भर उन्हात ती उन्हातच मिसळलेली. व्हॉल्व्ह बंद करायला धावलेला दिगंबर सरळ तिच्यात शिरला. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे चौकशीत ठरले, आणि जन्मभर होड्या बांधलेल्या त्याच्या वडिलांनी, तात्यांनी, ते खरे मानले. त्यानंतर मुलाचे नाव त्यांच्या ओठांवर आले नाही.

दिगंबरची धाकटी बहीण हर्षदा मात्र प्रयोगशाळेत त्या अदृश्याचा माग काढत राहिली. ती ज्वाला अतिनील प्रकाश फेकते. माणसाचा डोळा त्याला आंधळा, कॅमेऱ्याचा संवेदकही जवळजवळ आंधळाच. त्या आंधळ्या संवेदकावर तिने क्वांटम डॉटचा लेप चढवला. परागाहून सूक्ष्म कणांचा तलम, तेजोग्राही थर; अदृश्य किरण प्राशन करावा आणि दृश्य उजेड होऊन उमलावे, एवढेच त्या कणांचे व्रत. लेप तडकत राहिले, काजळत राहिले. ती चढवत राहिली.

आज चाचणी होती. प्रयोगशाळेमागच्या उजाड माळावर तिने तात्यांना आणले.

“मला कशाला गं इथे?”

“नुसतं बघा, तात्या.”

दूर नळीच्या तोंडाशी वायू पेटवला गेला. तात्यांनी डोळ्यांवर हात धरला. “कुठाय जाळ? काहीच नाही तिथं.”

“आता इकडे बघा.”

लेप चढवलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पुरुषभर उंच, रुपेरी, फणा उभारलेली ज्वाला डोलत होती. तात्यांनी नळीकडे पाहिले, रिते ऊन. पडद्याकडे पाहिले, आग. पुन्हा ऊन. पुन्हा आग.

“एवढी मोठी होती?”

“हो.”

“आणि पोराला दिसली नाही?”

“कुणालाच दिसली नसती, तात्या.”

होड्यांनी घट्टे पाडलेला हात तात्यांनी पडद्यावर टेकवला. “दिगू,” ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, घरातून अंगणात हाक मारावी तसे, “दिगू रे!” हर्षदाने त्यांचा खांदा धरला.

कुणीतरी वायू बंद केला. पडद्यावरची ज्वाला खचली, थरथरली, विझली. आणि माळावरच्या त्या अफाट, निर्विकार उन्हात काहीसुद्धा विझले नाही.