रिकामी चंद्रिका

मी एक जुनी, थकलेली चंद्रिका आहे, मित्रांनो. म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची चौकोनी चटई. रेशमाच्या आळ्या तुतीचा पाला खाऊन पुऱ्या वाढल्या, पिकल्या की माझ्यावर चढतात आणि कोष विणतात. वैरागच्या तात्याबा बुरुडाने मला विणले, तिथून मी सांगोल्याजवळ केराबाईच्या शेडमध्ये आले. नवी होते तेव्हा शाळेतली पोरे फोनवर माझे फोटो काढायची. आता पट्ट्या ढिल्या झाल्या, कंबर पार गेली. कोण विचारतो!

केराबाईचे अर्धे आयुष्य मेंढरांमागे गेले. आठ-आठ महिने रानोमाळ. अर्ध्या एकरात तुती लावली, तेव्हा कुठे तिची चूल एका जागी राहिली. पण मागच्या दोन खेपांना आळ्या मेल्या आणि मी रिकामीच राहिले. नवरा बाळासो म्हणाला, "ही शेवटची खेप. आता मेल्या तर तुती उपटायची, मेंढरं घिऊन निघायचं."

तंबाखूचा नुसता हात लागला तरी आळ्या मरतात, हे तिला शिकवलेले होते. बाळासोची चंची ती दारातच काढून घ्यायची. स्वतः मात्र रोज सकाळी मिश्रीने दात घासून, बोटे नुसती पदराला पुसून, त्याच बोटांनी पाला टाकायची. मला दिसत होते, पण बोलणार कशी?

आळ्या बोटाएवढ्या झाल्या. एका सकाळी घाईत बोटे न पुसताच तिने आधी कोपऱ्यातल्या रॅकवर पाला टाकला आणि घटकाभरात तिथल्या आळ्या हिरवे ओकू लागल्या.

"तुमी तंबाखू खाऊन आत आला व्हय?" ती कडाडली.

"न्हाय गं! तुजंच बोट बघ की, काळं हाय."

"ही मिश्री हाय. दात घासायची."

"आन् मिश्री कशाची भाजत्यात?"

केराबाईने बोट नाकाशी नेले. "माज्याच हातानं मारल्या की वं मी!"

मिश्रीचा डबा तिने उकिरड्यावर फेकला. पुढे चार दिवस पाला बाळासोने टाकला. ती डोके धरून दारात बसून राहायची. मिश्री सुटणे सोपे नसते. वाईट वाटायचे मला.

उरलेल्या आळ्या माझ्यावर चढल्या. मी पुरती भरले नाही, पण रिकामीही राहिले नाही. कोष काढून झाले आणि बाळासो विळा घेऊन तुतीकडे निघाला. केराबाईचा चेहरा उतरला.

"उपटाय निगाला?"

"छाटाय. फुडच्या खेपंला कवळा पाला नको व्हय?"

मित्रांनो, दुसऱ्याचे हात तपासायच्या आधी आपले धुवा. आणि येताना जरा सुतळी आणा. पुढची खेप येते आहे, माझ्या पट्ट्या कुणीतरी आवळायला हव्यात.