भोपळ्याचे शेंडे

आमच्या दोघी जावांच्या स्वयंपाकघरांमागे अंगण एकच, मध्ये फक्त विटांची ओळ. कारखाना बंद पडून आमचे हे घरी बसले आणि विकतची भाजी परवडेनाशी झाली. तेव्हा दोघींनी एकाच दिवशी भोपळ्याच्या बिया लावल्या. पोरांच्या ताटात काय पडणार, ते आता त्या मातीवरच होतं.

धाकटीने भाज्यांची सालं आणि पालापाचोळा कुजवून आळ्यात घातला. मी नाक मुरडलं. दुकानातून पांढरं खत आणून मुठीमुठीने टाकलं.

माझा वेल तरारला. पानं ताटाएवढी, फळ मात्र औषधालाही नाही. तिच्याकडे चार-पाच इवले भोपळे धरले. सासूबाई रोज म्हणायच्या, "धाकटीच्या हाताला गुण आहे हो!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझी मुलगीसुद्धा काकूचे भोपळे मोजायला लागली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी विटा ओलांडल्या आणि तिच्या वेलाचे शेंडे कचाकच खुडले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

वेल आता खुंटणार म्हणून मी टपून बसले. आठ दिवसांत पेरापेरातून नवी फांदी फुटली, आणि महिन्याभरात मांडव भोपळ्यांनी वाकला.

धाकटी तीन भोपळे घेऊन दारात आली.

"ठेव तुलाच. आम्ही काही उपाशी नाही," मी म्हटलं. दोन दिवस नुसत्या डाळीवर भागवलं होतं.

"ताई, तुम्ही शेंडे खुडलेत ते मी खिडकीतून बघितलं. चार दिवस तुमचं तोंड बघू नये असं वाटलं. मग फांद्या फुटल्या. म्हणजे यातलं निम्मं पीक तुमचंच." ती चक्क हसली. तेच जास्त झोंबलं. "आता तुमच्या वेलाचेही खुडा. आणि ते पांढरं खत बंद करा बाई, त्याने नुसती पानंच माजतात."

भोपळे उंबऱ्यावर ठेवून ती गेली. संध्याकाळी पोरांनी तिच्या भोपळ्याची भाजी मिटक्या मारत खाल्ली. मीही खाल्ली. गोड होती मेली.

मग मागे जाऊन माझ्या वेलाचा पहिला शेंडा चिमटीत धरला. कोवळा, बारीक लव असलेला. खुडवेना. तिचे खुडताना हात एकदाही अडला नव्हता.