वरची तळी

शनिवारी माप कमी भरलं आणि रतनबाईने हातोडी जमिनीवर टाकून दिली.

"खडी खातंय तरी कोन," ती म्हणाली. "हप्ताभर हात सोलून घेतलं, आन पेटी पुन्ना उनीच."

पारनेरच्या अंगाला सरकारने टंचाईचं काम काढलं होतं. लढाई संपली होती, पण पावसाने पाठ फिरवली ती फिरवलीच. राळेगणच्या दिशेने जाणाऱ्या सडकेच्या कडेला टोळ्याटोळ्यांनी माणसं खडी फोडत बसत. सकाळी जमीन गार असे, दुपारी तीच तव्यासारखी तापे, आणि वारा सुटला की पांढरी माती दातांत करकरे. प्रत्येक टोळीने आपला ढीग लावायचा आणि शनिवारी कारकुनाने तो बिनबुडाच्या लाकडी पेटीने मोजायचा. पेटी मांडायची, काठोकाठ भरायची, वर उचलायची, पुढे सरकवायची. जेवढ्या पेट्या तेवढा टोळीचा पगार, तो सगळ्यांत सारखा वाटायचा, आणि त्या पगारावर सरकारी दुकानातली तांबडी ज्वारी.

टोळी मनकर्णाच्या नावावर होती. टोळीत रतनबाई, रतनबाईची सासू गोजरबाई आणि सहादेव पाथरवट. मनकर्णाचा नवरा छगन नारूने पाय सुजून घरात पडला होता. नारूचा धागा निम्मा बाहेर आलेला, निम्मा अजून पोटरीत. घरात दोन लेकरं. चूल पेटायची ती या ढिगावर.

गोजरबाईने पदराने तोंड पुसलं. "माझ्याकडं बघू नगंस," ती सुनेला म्हणाली. "माझ्या तोंडात दात न्हाईत. मी काय खडी खानार."

हसला तो एकटा सहादेव.

सहादेवचा हात तालुक्याला माहीत होता. गावातल्या भैरोबापुढचा नंदी त्याने घडवलेला. कामावर जाताना बाया त्या नंदीच्या पाठीवरून हात फिरवूनच पुढे जात, इतकी ती पाठ जिती वाटे. काष्टीच्या बाजारात त्याच्या जात्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नसे. पण दळायला दाणाच नाही तिथे जातं कोण घेणार? टाकी आणि हातोडा फडक्यात गुंडाळून तोही खडीवर आला.

खडीवर येऊनही तो पाथरवटच राहिला. बाकीचे दगड पुढ्यात ओढून दणादण घाव घालत. सहादेव आधी दगड फिरवून बघे, बोटाने वाजवी, त्याची शीर शोधी, आणि मग एकच घाव घाली. दगड सरळ उकले. त्याची खडी म्हणजे सारीपाटाचे फासे.

तो हळू काम करतो म्हणून माप कमी पडतं, असं सगळ्यांनी धरलं होतं. मनकर्णाला ते पटेना. सहादेव तर तिच्याएवढेच दगड फोडायचा. सोमवारी तिने एका पाटीत रतनबाईची खडी भरली, दुसरीत सहादेवची, आणि दोन्ही पाट्या आळीपाळीने डोक्यावर घेऊन बघितल्या. सहादेवची पाटी मान मोडायला आली. मग तिने खाली बसून पाट्यांत निरखून बघितलं. रतनबाईची खडी आडवीतिडवी, टोकं बाहेर आलेली. एक दगड दुसऱ्याला टेकू देऊन उभा, आणि मधे सगळी पोकळी. सहादेवचे फासे अंगाला अंग लावून बसले होते. पेटीत भरलेली त्याची खडी म्हणजे नुसता दगड, आणि बाकीच्यांच्या खडीत निम्मा वारा. सरकार वाऱ्याचेही पैसे देत होतं.

तिने ते सहादेवला सांगितलं. त्याला मोठी गंमत वाटली. "म्हंजी सडक माझ्या खडीची टिकंल, आन पगार रतनबाईला मिळंल."

"गंमत ऱ्हाऊ द्या, भाऊ. वाकडी फोडा जरा."

त्याने तसं करून बघितलं. दुपारपर्यंत त्याचा ढीग गुडघ्याएवढाही झाला नाही. "वयनी, वाकडा घाव घालायचा म्हंजी आदी सरळ कुटं हाय ते बघावं लागतं," तो ओशाळून म्हणाला. "त्यात दुप्पट येळ जातोय."

त्याच आठवड्यात तो छगनला बघायला घरी आला होता. येताना नारूवर बांधायला कसलासा पाला आणला होता. कोपऱ्यात तारेने आवळलेलं जातं त्याने बघितलं. वरची तळी, फिरणारा दगड, तोंडापासून काठापर्यंत तडकली होती. दळताना कपच्या निघायच्या, भाकरीत खर लागायची आणि धाकटी पोर घास थुंकून टाकायची. सहादेवने करगोट्याची दोरी सोडून तळीवर ताणली, मापाची गाठ मारली आणि दोरी पुन्हा कमरेला बांधली. "चांगला दगड नजरंला आला की बघू," एवढंच म्हणाला.

दगड खडीच्या ढिगातच नजरेला आला. काळाभोर, शीर नसलेला, वाजवला तर घंटेसारखा. सहादेवने तो बाभळीमागे नेऊन ठेवला. भाकरीच्या सुट्टीत बाकीचे आडवे झाले की तो तिकडे जाऊन बसे आणि टाकीचा बारीक आवाज येत राही. मनकर्णा डोळे मिटून पडे. तो आवाज कुणासाठी चालला आहे हे तिला एकटीलाच ठाऊक होतं, आणि ऐकताना तिला माहेरी निजल्यासारखं वाटे.

पुढच्या शनिवारी माप पुन्हा कमी पडलं. आता रतनबाई आदळआपट न करता शांतपणे बोलली, आणि ते जास्त वाईट होतं. ती आणि गोजरबाई सोमवारपासून दुसऱ्या टोळीत जाणार होत्या. दोघी गेल्या की टोळी मोडणार, आणि आजारी नवऱ्याची बाई कुठली टोळी घेणार? सहादेव तरी जाईल नाहीतर आम्ही तरी, असं ती बोलून गेली. घरी ज्वारी रविवारीच सरली. लेकरांनी घुगऱ्यांचं पाणी पिऊन मडकं चाटलं.

सोमवारी सकाळी मनकर्णा कारकुनाच्या राहुटीपुढे उभी राहिली.

कारकून म्हणजे शांतवन मास्तर. शिकलेसवरलेले, मिशनच्या शाळेत मुलांना गणित शिकवायचे. मुलं आईबापांमागे कामावर आली, शाळा ओस पडली, आणि मास्तर पेटी मोजायला आले. सहादेवला टोळीतून काढा, असं तिने अडखळत सांगितलं. मास्तरांनी मान हलवली. त्यांनाही ती फाशांची खडी ठाऊक होती.

"बाई, हजेरीतून नाव काढायचं तर कारण लागतं," ते म्हणाले. "तो काम चांगलं करतो, हे कारण मी वर कसं कळवू? माझ्या शाळेत असं काम करणाऱ्याला मी पुढच्या बाकावर बसवलं असतं."

मनकर्णा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. परत फिरावं असं तिला एकदा वाटलं. मग मडकं चाटण्याचा आवाज कानात आला.

"तो सरकारी दगड घडवतोय, मास्तर. बाभळीमागं. स्वतःसाटी."

मास्तर उठले. टोळीसकट सगळे बाभळीशी गेले. घोंगडीखाली दगड होता: गोल, पाठ गुळगुळीत, तोंड पाडून झालेलं, खुंट्याचं भोक अर्धं. खालच्या अंगाला टाकीचे दाणे एकसारखे उमटलेले. गोजरबाईच्या तोंडून "आगं बया" निघून गेलं.

"कोणाचं काम आहे हे?" मास्तरांनी विचारलं. "घडवायला कोणी सांगितलं असेल तर त्याचंही नाव हजेरीतून काढावं लागेल."

मनकर्णाने मास्तरांकडे बघितलं, बाभळीकडे बघितलं, पण सहादेवकडे तिची नजर जाईना.

"कुनाचं न्हाई," सहादेव म्हणाला. "बाजारात इकनार हुतो."

दगडाच्या काठावरून मास्तरांनी बोट फिरवलं, आणि मग हजेरी मागवली. सहादेवने टाकीहातोडा फडक्यात बांधला आणि नाला ओलांडून निघून गेला. दगड सरकारचा, तेव्हा तो खडीत गेला पाहिजे. ज्या टोळीच्या हद्दीत सापडला, तिनेच तो फोडायचा.

रतनबाई घण घेऊन पुढे झाली. मनकर्णाने तो तिच्या हातातून घेतला. का घेतला, ते तिला पुढेही कधी नीट कळलं नाही. पहिल्या घावाला दगड नुसता वाजला. दुसऱ्यालाही. शीर नव्हतीच त्याला. घाव उलटून खांद्यात जाई, डोळ्यांत घाम उतरे, आणि दगड घंटेसारखा माळभर वाजत राही. शेजारच्या टोळ्या काम थांबवून बघू लागल्या. कितीतरी वेळाने तो तोंडातून तडकला, घरची तळी तडकली होती तसाच.

त्याचे तुकडे आडवेतिडवे, टोकदार निघाले. शनिवारी पेटी काठोकाठ भरली. रतनबाईने मनकर्णाच्या पाठीवर थाप मारली. घरी त्या रात्री लेकरं पोटभर जेवली. मनकर्णाला भाकरी गोड लागली, आणि ती गोड लागली याचंच तिला वाईट वाटत राहिलं.

पुढे साल बदललं. पाऊस झाला, सडकेचं काम बंद पडलं, छगनचा पाय बरा झाला. मास्तर शाळेत परतले. सहादेव बेलापूरकडे उसाच्या मोळ्या बांधायला गेल्याचं कळलं. नंदी घडवणारा माणूस मोळ्या बांधतोय, असं पारावर कोणी बोललं की मनकर्णा डोक्यावरचा हंडा सावरत झपाझप पुढे निघून जाई. नंदीच्या पाठीवर हात फिरवणं तिने सोडलं होतं.

बाजरी घरात आली त्या सुमाराला एका सकाळी सहादेव दारात उभा राहिला. अंगाने उतरला होता, उसाच्या पात्यांनी हात चिरलेले. खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं ओझं होतं. त्याने ते उंबऱ्याच्या आत उतरवलं, पोतं सोडलं. वरची तळी.

"ह्या बारीला दगड माझा हाय," तो म्हणाला.

मनकर्णाने पाणी दिलं. त्याने जुनी तळी बाजूला केली, करगोट्याची दोरी सोडून नव्या तळीवर लावून दाखवली. गाठ काठाला बरोबर टेकली. त्याने तळी खिळ्यावर बसवली, फिरवून बघितली, एका जागी टाकीने दोन दाणे टिपले.

"भाऊ, त्या दिशी मास्तराला..." तिने तोंड उघडलं.

"त्या दिशी मी नाल्याच्या पल्याडच बसलोतो," तो खाली बघतच बोलला. "ऐकत हुतो. लई येळ लागला तुमास्नी. मधी मारत हुता तुमी. शीर नसंल तर कडंनं मारायचं असतंय, वयनी. लवकर सुटतंय."

सहादेवने रीतीप्रमाणे सूपभर बाजरी घेतली. तिने वर ओंजळभर घालायला हात पुढे केला, तेव्हा त्याने फडक्याची गाठ मारून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दळायला बसली. जातं हलकं फिरत होतं. पीठ मऊ पडत होतं, चिमटीत घेतलं तर खर लागत नव्हती.

भिंतीपलीकडून रतनबाईने हाक दिली. "मने, नवं जातं आन गानं न्हाई व्हय?"

"घसा बसलाय," मनकर्णा म्हणाली, आणि खुंटा फिरवत राहिली.