करमाळ्याचा पत्ता

"हा मेळावा दौंड तालुक्यातल्यांसाठी आहे. तुम्ही करमाळ्याचे," टेबलामागच्या सुषमा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी धम्मदीपचं आधारकार्ड परत सरकवलं.

"मॅडम, मी हितलाच हाय. भांडगावचा. आज्यापासून."

"मग कार्डावर करमाळा कसं आलं?"

आता हे सांगायचं कसं? सात वर्षांपूर्वी कुरकुंभला एका ठेकेदाराने त्याला तोंडावर सांगितलं होतं, गाववाले नकोत. गाववाले एकी करतात, जत्रा-दहाव्याला दांड्या मारतात. पोरांनी त्यावर तोड काढली. कुणी कार्डावर मामाचं गाव लावलं, कुणी बहिणीचं. धम्मदीपने करमाळ्याची सासुरवाडी लावली आणि तो रसायनांच्या कंपनीत रिअॅक्टरवर ऑपरेटर म्हणून लागला. सहा वर्षं तो आपल्याच तालुक्यात पाहुणा म्हणून वावरला. पुढे ठेका बदलला, जुनी माणसं घरी बसली. आता सरकारने स्थानिकांसाठी रोजगार मेळावा भरवला, तर हा गडी परका निघाला. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

त्यात पुढच्या गुरुवारी त्याला पस्तीस वर्षं पूर्ण होणार होती आणि पस्तिशीनंतर सरकारी योजनेत कुणाला घेत नव्हते. ही शेवटची संधी होती.

"चारपर्यंत ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणा," मॅडम म्हणाल्या.

त्याने मोटारसायकलला किक मारली ती थेट भांडगावात थांबवली. ग्रामपंचायतीत माजी सरपंच हौसराव आप्पा पेपर वाचत बसले होते.

"या, करमाळ्याचं पाव्हणं. वाट चुकला काय?"

"आप्पा, गावात परत घ्या मला. दाखला पायजे."

आप्पा पोटभर हसले. मग ग्रामसेवकाकडे वळून म्हणाले, "लिवा, भाऊसाहेब. चांगदेव गवंड्याचं पोर हाय. तुमी बसलाय त्या हापिसाच्या भिंती ह्याच्या बापानं बांधल्यात."

पावणेचारला तो पुन्हा टेबलासमोर उभा राहिला. दाखला वाचून मॅडमनी मान डोलावली. मग त्यांनी ठेकेदाराचं अनुभवपत्र उचललं आणि त्या थांबल्या.

"आधारच्या जागी दाखला चालेल, पण यावर पत्ता करमाळ्याचा, दाखल्यावर भांडगाव. दोन्ही कागद एकत्र लावले तर अर्ज बाद होईल. आणि या पत्राशिवाय अनुभवी ऑपरेटरच्या यादीत नाव घालता येत नाही. प्रशिक्षणार्थी म्हणून घेते. सहा महिने, विद्यावेतनावर. काम चांगलं केलंत तर कंपनी पुढे ठेवेल."

"म्हंजी माझी सहा वर्षं?"

"धरता येणार नाहीत," मॅडम खाली बघत म्हणाल्या.

त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. व्हॉल्व्हच्या नुसत्या आवाजावरून आत काय बिघडतंय ते ओळखणारा माणूस तो, आणि त्याने आता नव्याने शिकायला बसायचं. बाजूला होऊन त्याने बायकोला, प्राचीला, फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

"हितं सगळी पोरं इशी-बाविशीची हायती गं. त्यांच्यात मी कुठं बसू?"

"बसा तिथंच," प्राची म्हणाली. "आज उठून आलात तर गुरुवारनंतर बस म्हणायला बी कोण न्हाई. काम तर येतंय न्हवं तुमाला? ते कुणी काढून घेतलंय का?"

धम्मदीपने फोन खिशात टाकला. अनुभवपत्राची नीट घडी घालून ते पिशवीच्या तळाशी ठेवलं आणि प्रशिक्षणार्थींच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर तो जाऊन बसला. समोर फॉर्म आला. नाव, वय, गाव त्याने भराभर लिहिलं. खालच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

शेजारची मुलगीही तिथेच अडली होती. तिने हळूच विचारलं, "दादा, पूर्वानुभव म्हंजी? मी तर कुठंच काम केलं न्हाई. काय लिवायचं?"

"निरंक लिही," धम्मदीप म्हणाला.

तिचं लिहून होईपर्यंत तो थांबला. मग आपल्या रकान्यातही त्याने तोच शब्द सुवाच्य अक्षरात लिहिला.