आईशेजारची भिंत

दोन संग्रहालयांनी मिळून चित्रकार बाईंचं पन्नास वर्षांचं काम मांडायचं ठरवलं, तेव्हा बाईंनी एकच अट घातली होती. आई-वडिलांची जोडचित्रं एका भिंतीवर लागली पाहिजेत. तरुणपणी काढलेली ती दोन चित्रं वेगवेगळी विकली गेली होती. आई या जुन्या संग्रहालयात, वडील नदीपलीकडच्या नव्यात. तेव्हापासून दोघांची गाठ पडली नव्हती.

उद्घाटनाला पाच दिवस उरले आणि जुन्या संग्रहालयाचे संचालक हात चोळत आले. "बाई, वडील येत नाहीत. रंगाचे पापुद्रे सुटलेत, हलवलं तर गळतील म्हणतात."

"मग आई तिकडे न्या."

"विकत घेऊन आम्हाला भेट देणाऱ्यानं लिहूनच ठेवलंय, तिला इमारतीबाहेर न्यायचं नाही."

"ताई, सोड ना आता," सोबत आलेली धाकटी बहीण म्हणाली.

बाई चित्रासमोर उभ्या होत्या. टेबलाशी बसलेली आई, हातात अर्धवट सोललेला बटाटा. शेजारी दहा फूट कोरी भिंत.

"शिडी आणा," त्या म्हणाल्या. "आणि कोळसा. वडील येत नाहीत ना? मी आणते त्यांना."

संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंचं वय शहात्तर, त्यात उजवा हात कापरा. "अहो, पण भिंत..."

"नंतर पांढरी करा. तुमच्याकडे रंगाला तोटा आहे?"

शिडीवर काही त्यांना कुणी चढू दिलं नाही. सुतारानं कठडा लावलेला चौथरा ठोकून दिला. पहिल्या दिवशी बाईंनी काढलेला चेहरा तीनदा पुसला. हात थरथरला की रेघ भरकटायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोळसा काठीला बांधला, काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि थेट खांद्यातून रेघा ओढायला लागल्या.

"नाक मोठं झालं," खालून बहीण.

"होतंच मोठं. आरशात बघ."

चौथ्या दिवशी डोळ्यांपाशी येऊन त्या अडल्या. जुन्या चित्रात वडील खिडकीबाहेर बघत होते. ते काढलं तेव्हा बाई त्यांच्याशी भांडून घराबाहेर पडल्या होत्या.

"चित्रात तसं मी बसवलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "जेवायच्या टेबलाशी ते खरे कुठे बघायचे गं?"

बहीण आठवत राहिली. "आईच्या हातांकडे. साल जाड निघाली की हसायचे."

बाईंनी काठी उचलली. संध्याकाळपर्यंत वडील आईच्या हातांकडे बघत होते, हसू अगदी ओठांवर आलेलं.

उद्घाटनाला नदीपलीकडचे संचालकही आले. गर्दी ओसरेपर्यंत ते त्या भिंतीसमोरून हलले नाहीत. मग चाचरत म्हणाले, "बाई, आमच्याकडेही वडिलांशेजारी जागा आहे."

"ताई, हात बघ तुझा, सुजलाय," बहीण म्हणाली.

बाईंनी हात पाहिला, मूठ उघडमीट केली. "दोन दिवस शेकते. सोमवारी येते," त्या संचालकांना म्हणाल्या. "चौथरा मात्र याहून रुंद हवा. आई ऐसपैस बसायची."

"सुताराला मी सांगते," बहीण म्हणाली आणि त्याला शोधायला निघाली.