आर्लिसची काडतुसं

चॅलिस गावात व्हर्ल हॉकाडेच्या घरी भरलेल्या काडतुसांचा मोठा बोलबाला होता. नेमबाजीच्या मैदानावर त्याच्या गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून जायच्या. लोक म्हणायचे, "म्हाताऱ्याच्या हाताला काय गुण आहे!" व्हर्ल नुसती मान डोलवायचा. खरं तर बंदुकीची दारू तोलण्यापासून गोळी बसवण्यापर्यंत सगळं तळघरात बसून करायची ती त्याची बायको, आर्लिस. पहिल्यांदा कुणी वाखाणलं तेव्हा तो गप्प राहिला, आणि मग तेच रूढ झालं.

यंदा आर्लिसचा खांदा आखडला. काडतुसं भरायच्या जुन्या प्रेसचा जड दांडा तिला ओढवेना, म्हणून दोघं ऑरिनच्या बंदुकांच्या दुकानात नवी बघायला गेली.

"तुला साधी कशाला दाखवू?" ऑरिन व्हर्लला म्हणाला. "तू उस्ताद माणूस! ही ने. दांडा एकदा ओढला की पाच कामं."

आर्लिसनं शेजारच्या लहान प्रेसचा दांडा ओढून पाहिला. "ही हलकी आहे. एका वेळी एकच काडतूस होईल, पण दारू नजरेखाली राहते."

"वहिनी, तुम्ही तिकडे मोजे बघा बरं," ऑरिननं डोळा मारला. "हा पुरुषांचा खेळ."

दुकानात कॉफी पीत बसलेले दोघे गिऱ्हाईक हसले. व्हर्लही हसला. आणि मोठीच घेतली.

घरी आल्यावर आर्लिस एवढंच म्हणाली, "नाव तुझं राहू दे, मला नको ते. पण तू हसलास रे."

सकाळी मोठ्या प्रेसचं खोकं उचलून व्हर्ल परत दुकानात गेला. आत कालचेच दोघे. ते उठतील म्हणून तो गाडीतच बसून राहिला. ते काही हलेनात. शेवटी आत गेला.

"काय रे, बिघडली?" ऑरिननं विचारलं.

"नाही. मला चालवता येत नाही. कुठलीच येत नाही. आजवरची सगळी काडतुसं आर्लिसनं भरलीत."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे एवढी वर्षं तू..." ऑरिन अर्ध्यावर थांबला आणि पाठ फिरवून लहान प्रेस काढू लागला.

"हो," व्हर्ल म्हणाला. त्याचे कान तापले होते.

घरी आर्लिसनं खोकं उघडलं, दांडा दोनदा वरखाली केला. व्हर्ल तळघराच्या जिन्यातच घुटमळत उभा राहिला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग उभा काय राहिलास? टेबलाखाली शिर, मी प्रेस बसवते तोवर खालून बोल्ट धर."

तो गुडघ्यांवर बसला. तिथं तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं, तेवढंच बरं वाटलं त्याला.