लेव्हलचा तोल

फरशीकाम करणाऱ्या दादाला सगळे 'लेव्हल' म्हणत. नुसत्या नजरेने तो सांगायचा, "या कोपऱ्यात दोन सूत खाली आहे," आणि मोजून बघावं तर दोन सूतच, पाव इंच! अशा माणसाचा तोल चव्वेचाळिसाव्या वर्षी जायला लागला. आधी लोकांनी 'सकाळीच घेतली का' म्हणून टिंगल केली. मग जीभ जड झाली, चहाचा कप ओठांपर्यंत पोचेस्तोवर अर्धा होऊ लागला. तोल सांभाळणारा लहान मेंदू झिजतोय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यावर औषध नाही. व्यायाम करा, पडू नका.

त्याची धाकटी बहीण बावीस वर्षं औषधांच्या दुकानात होती. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर शोधनिबंध वाचत बसे. निम्मं डोक्यावरून जाई, तरी वाचे. एका दुपारी ती एकदम थबकली. चक्कर थांबवणारी एक जुनी, साधी गोळी अशाच आजाराच्या मोजक्या रुग्णांना देऊन पाहिली होती आणि त्यातले काही बरे चालू लागले होते. तिने मान वर केली. समोर तिसऱ्या फळीवर तेच खोकं. हजारदा तिने ते उतरवून दिलं असेल, कधी त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

खोक्याला हात न लावता ती कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. दादा आणि वहिनी बरोबर होते.

"या आजारासाठी ही गोळी मंजूर नाही," बाई सगळं वाचून म्हणाल्या. "देईन, पण मोजून. सहा आठवडे चालू, सहा आठवडे बंद, परत सहा आठवडे चालू. दर रविवारी चालण्याचा व्हिडिओ. रक्त मी तपासत राहीन. त्रास झाला तर त्याच दिवशी बंद."

"म्हणजे यांच्यावर प्रयोग?" वहिनीचा आवाज चढला.

"मोजूनमापून... काम," दादा अडखळत म्हणाला, "माझ्याच... धंद्यातलं. करू."

पहिले तीन रविवार काहीच नाही. फरशीच्या सांध्यावर एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावून चालायचं. तिसऱ्या पावलाला तो भिंत धरायचा. चौथ्या रविवारी तीन पावलं झाली, चार झाली, सात झाली. बहिणीने मोबाइल आणखी जवळ नेला.

"अहो, परत चाला बघू," वहिनी कुजबुजली, जणू मोठ्याने बोललं तर काहीतरी उडून जाईल. तो परत चालला. आठ.

मग गोळी बंद करायची वेळ आली. दुसऱ्याच आठवड्यात भिंत परत हाताशी आली. दादा बहिणीवर चिडला. "हातातोंडाशी... आलेला घास... काढून घेतेस," म्हणाला. तिलाही ते पटत होतं, तरी तिने बाईंना दिलेला शब्द मोडला नाही.

तिसरी फेरी सुरू झाली. एक दिवस दुकानात फोन वाजला. "दोन पाकिटं कापूस घेऊन ये, तुझी वहिनी विसरली."

"कोण बोलतंय?"

"कोण काय? भाऊ तुझा!"

गिऱ्हाईक समोर ताटकळत होतं, तरी तिने भावाला तेच परत म्हणायला लावलं. सलग वाक्य. चार वर्षांत हा आवाज तिने ऐकलाच नव्हता.

शेवटी बाईंनी अठरा व्हिडिओ तारखा झाकून, पिसून, दुसऱ्या डॉक्टरांना दिले. त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. बरं चालणं एकीकडे, वाईट एकीकडे, एवढंच करायचं. गोळी चालू असताना, ती लागू पडल्यानंतरचे सगळे व्हिडिओ त्यांनी बरोब्बर एका बाजूला काढले.

"हे होतं कसं?" बहिणीने विचारलं.

बाईंनी व्हिडिओ बंद केला. "अंदाज आहेत. खरं उत्तर मला माहीत नाही. झीज थांबली, असंही मी म्हणणार नाही."

आज दोन वर्षं झाली, गोळी चालूच आहे. बाहेर जाताना दादा काठी घेतो, वजन उचलत नाही. बोलणं मात्र इतकं वाढलंय, की वहिनी नणंदेला म्हणते, "बाई गं, याच्यावरही काही गोळी आहे का बघ!"